चैत्रातील बर्फ, वारा आणि दहिवर : हिमालयातील सफरचंद-बागांचे उदाहरण

सिमला जिल्ह्यातील कोटगढ, ठाणेधार, नारकंडा या भागांत आणि कुलूच्या खोऱ्यात हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फाला तेथील बागाईतदार 'पांढरे खत' म्हणतात. हे नाव सार्थ आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पडलेला बर्फ उतरणीच्या जमिनीवर साचून राहतो आणि सावकाश वितळतो. त्याचे पाणी नाल्याने वाहून न जाता मुळांपर्यंत मुरते. झाडाला विश्रांतीसाठी जी थंडी लागते, तीही याच काळात मिळते. डिलिशस जातीच्या जुन्या सफरचंदाला हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखालची थंडी सुमारे १,००० ते १,२०० तास मिळावी लागते. ती कमी पडली तर वसंतात डोळे एकसारखे फुटत नाहीत.

चैत्र-वैशाखात मात्र हाच बर्फ वैरी होतो. बाग तीच असते, झाडही तेच असते. बदललेली असते ती झाडाची अवस्था. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही हे खरे. तरीही हे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे. थंड हवा कोठे साचते, फुलोरा कोणत्या घटकेला मरतो आणि कोणते उपाय फुकट जातात, हे डोंगरी बागांत जितके स्पष्ट दिसते तितके सपाटीवर दिसत नाही. निफाडच्या द्राक्षमळ्यातील किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठच्या स्ट्रॉबेरीतील गारठ्याला लागू पडणारा नियमही तोच आहे.

हिमाचल प्रदेशात सफरचंदाची लागवड नवी नाही. कॅप्टन ली यांनी १८७० साली कुलूजवळ बंदरोल येथे बाग लावली. पुढे अमेरिकेतून आलेले सॅम्युअल स्टोक्स, जे नंतर सत्यानंद स्टोक्स म्हणून ओळखले गेले, यांनी १९१६ च्या सुमारास कोटगढच्या बाजूस डिलिशस जातीची कलमे आणली. आज या राज्यात सफरचंदाखाली १ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र असून, डोंगरावरील असंख्य कुटुंबांचे वर्षाचे उत्पन्न फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवड्यांवर अवलंबून असते. सफरचंदाला वर्षातून एकदाच बहर येतो. तो गेला तर पुन्हा पेरणी करून भरपाई करण्याची सोय नाही.

डोळा उमलतो तसा नाजूक होतो

भर हिवाळ्यात निद्रिस्त असलेल्या सफरचंदाच्या झाडाला शून्याखाली २० अंशांचा गारठाही सहसा मारीत नाही. डोळा फुगू लागला की ही शक्ती दिवसागणिक ओसरते. डोळ्याचे टोक रुपेरी दिसू लागले असता शून्याखाली ९.४ अंश उष्णतामान अर्धा तास टिकले, तर सुमारे दहातील एक डोळा मरतो. टोक हिरवे झाले की तेवढीच हानी शून्याखाली ७.८ अंशांवर होते. कळ्यांचा घट्ट गुच्छ दिसू लागला की ती शून्याखाली २.८ अंशांवर होते. कळी गुलाबी झाल्यापासून पूर्ण फुलोऱ्यापर्यंत हा आकडा शून्याखाली २.२ अंशांवर येऊन ठेपतो.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पूर्ण फुलोऱ्यात शून्याखाली २.२ अंशांवर दहातील एक फूल मरते, तर शून्याखाली ३.९ अंशांवर दहातील नऊ मरतात. म्हणजे किरकोळ नुकसान आणि सर्वनाश यांतील अंतर अवघे १.७ अंशांचे आहे. एखाद्या उपायाने बागेतील हवा केवळ एक अंशाने उबदार राहणार असेल, तर "एका अंशाने काय होते?" असे म्हणून तो सोडून देणे योग्य नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत एक अंश म्हणजे कित्येकदा निम्मे पीक असते.

फुलातील सर्वांत नाजूक भाग मधला स्त्रीकेसर व त्याखालचा अंडाशय हा होय. पाकळ्यांना काही झालेले नसते. बाग दुरून पूर्वीसारखीच पांढरी-गुलाबी दिसते आणि आतील गर्भ काळा पडलेला असतो. बदाम, जर्दाळू व आलुबुखार ही झाडे सफरचंदाच्या आधी फुलतात, म्हणून पहिला तडाखा त्यांना बसतो.

हिवाळा सौम्य गेला आणि फाल्गुनातच ऊन तापू लागले, तर फुलोरा लवकर येतो. लोकांना ते शुभ चिन्ह वाटते. पण फुलोरा पंधरा दिवस आधी आला म्हणून उशिराची थंडी पंधरा दिवस आधी संपत नाही. फ्रान्समध्ये २०२१ साली असेच घडले. मार्चच्या अखेरीस तेथे उन्हाळ्यासारखी उष्णता पडली, कोंब फुटले, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पडलेल्या दहिवराने द्राक्षमळे व फळबागा यांची मोठी हानी झाली. कुलूच्या खोऱ्यात सखल भागातील बागाईतदारांनी अलीकडच्या दशकांत सफरचंद सोडून डाळिंब व भाजीपाला यांच्याकडे वळणे पसंत केले आणि सफरचंद अधिक उंचीवर गेले, याचे मुख्य कारण हिवाळ्याची थंडी कमी पडणे हे आहे. परंतु उंचीवर गेलेल्या बागेस उशिराच्या बर्फाला अधिक तोंड द्यावे लागते, ही त्या स्थलांतराची दुसरी बाजू होय.

वादळ, बर्फ आणि मग स्वच्छ आकाश

हिमालयात वसंतातील बर्फ आणतात ते पश्चिमेकडून येणारे झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूस निर्माण होणारे हे वायुविक्षोभ वरच्या थरांतील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून काश्मीर व हिमाचलपर्यंत येतात. त्यांचा जोर हिवाळ्यात अधिक असतो, पण एप्रिल-मेमध्येही ते येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी भयंकर गारपीट झाली, तिच्या कारणांतही या पश्चिमी झंझावातांचा हात होता.

अशा झंझावाताचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम ढग येतात व वारा सुटतो. मग खालच्या उंचीवर पाऊस व गारा, आणि वर बर्फ पडतो. एक-दोन दिवसांनी ढग फाटतात, कोरडा थंड वारा वाहतो, आणि सायंकाळी तोही पडतो. आकाश स्वच्छ होते, चांदणे पडते. दोन दिवस बागेत राबून थकलेला बागाईतदार "सुटलो" असे म्हणून झोपी जातो. नेमकी हीच रात्र घातक असते.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. बर्फ पडत असताना उष्णतामान साधारणपणे शून्याच्या आसपास राहते. ढगांची गोधडी जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाही, आणि वारा वरची व खालची हवा सतत घुसळीत असतो. फुलावर बसलेला ओला बर्फ शून्य अंशाचा असतो, आणि शून्य अंश फूल सोसू शकते. ढग गेल्यावर जमीन, फांद्या व फुले आपली उष्णता आकाशात सोडू लागतात. वारा नसल्याने हवा घुसळली जात नाही. थंड थर तळाशी साचतो आणि उबदार हवा दहा-पंधरा मीटर वर राहते. जमिनीवर ताजा बर्फ असेल तर मातीतील ऊब त्याखाली कोंडली जाते व गारठा आणखी वाढतो. अशा रात्री फूल आजूबाजूच्या हवेपेक्षाही एक-दोन अंशांनी थंड होऊ शकते.

हवेत ओलावा असेल तर दव पडते व गोठून त्याचे पांढरे दहिवर होते. दव पडताना व गोठताना थोडी उष्णता बाहेर पडते, म्हणून पारा सावकाश उतरतो. हवा अगदी कोरडी असेल तर दव पडत नाही, पांढरे काही दिसत नाही आणि पारा झपाट्याने खाली जातो. सकाळी पाने काळी पडलेली आढळतात. पांढऱ्या दहिवराला लोक भितात. वास्तविक न दिसणारा हा कोरडा गारठा अधिक वाईट असतो.

वाऱ्याविषयी दोन्ही बाजूंनी बोलावे लागते. रात्री तो दहिवरापासून रक्षण करतो. दिवसा तो परागीकरणाचा घात करतो. डिलिशस जातीला स्वतःचा पराग चालत नाही. गोल्डन डिलिशस, रेड गोल्ड यांसारख्या जातींचा पराग मधमाश्यांनी आणावा लागतो. गार व वादळी हवेत मधमाश्या पेटीबाहेर पडत नाहीत. आपल्याकडील सातेरी मधमाशी युरोपीय मधमाशीपेक्षा थोड्या अधिक गारठ्यात काम करते, हा तिचा मोठा गुण आहे. तथापि झोंबणाऱ्या वाऱ्यापुढे तिचाही निरुपाय होतो.

थंड हवा पाण्यासारखी वाहते

थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून ओघळत खाली येते आणि खोलगट जागी तळे साचावे तशी साचते. म्हणून एकाच गावात नाल्याकाठची बाग करपते आणि शंभर हात वरची बाग हिरवी राहते. यात दैवाचा भाग नाही. डोंगराच्या मधल्या उतारावरील पट्टा सर्वांत सुरक्षित असतो. अगदी माथ्यावर वारा झोडपतो आणि तळाशी गारठा साचतो. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार लवकर तापतो व त्यावरील झाडे लवकर फुलतात, म्हणून तेथे धोका वाढतो. उत्तर उतारावरील फुलोरा उशिरा येतो व कित्येकदा त्यामुळेच वाचतो.

महाबळेश्वरास थंडीच्या दिवसांत वेण्णा तलावाच्या परिसरात दवाचे हिमकण होतात, पण वरच्या गावठाणात तसे होत नाही. याचे कारण हेच आहे.

थंड हवेचा ओघ अडविणारी वस्तू बागेच्या वरच्या अंगास असेल तर ती हितकारक ठरते. तीच खालच्या अंगास असेल तर बंधाऱ्यासारखी गारठा तुंबविते. दाट कुंपण, दगडी गडगा, वाळलेल्या काटक्यांचा ढीग, यांत खालच्या बाजूस मोकळी वाट ठेवावी. या कामाला पैसा लागत नाही, फक्त उतार कोठे आहे हे पाहावे लागते. तरीही ते सर्वांत कमी केले जाते.

बर्फाचे वजन आणि जाळ्या

गारांपासून संरक्षण व्हावे म्हणून हिमाचलातील बागांवर गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर जाळ्या ताणल्या गेल्या. गारांवर हा उपाय चांगला आहे. पण जाळीला गार आणि बर्फ यांतील भेद कळत नाही. एप्रिल २०२१ च्या उत्तरार्धात सिमल्याच्या वरच्या भागात अवकाळी बर्फ पडला तेव्हा अनेक बागांतील जाळ्या बर्फाने भरून खांबांसह कोसळल्या आणि फुलोऱ्यातील झाडे त्यांच्याखाली मोडली.

हिशेब सोपा आहे. वसंतातील ओल्या बर्फाचा एक सेंटिमीटर जाडीचा थर एका चौरस मीटरवर दोन ते तीन किलो वजन टाकतो. २० सेंटिमीटर बर्फ पडला, तर दर चौरस मीटरला ४० ते ६० किलो होतात. दहा गुंठ्यांच्या, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटरांच्या जाळीवर हा भार ४० ते ६० टन होतो. कोणताही बांबू किंवा लोखंडी खांब एवढ्या भारासाठी उभारलेला नसतो. म्हणून बर्फाचा अंदाज असेल तर जाळी गुंडाळून ठेवणे हाच मार्ग आहे. ती गुंडाळण्यास माणसे लागतात व वेळ लागतो. अंदाज आदल्या दिवशी गावात पोहोचला तरच ते शक्य होते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने हवामान खात्याचा सल्ला वाचून फलकावर लावला एवढ्याने काम भागत नाही. ज्यांच्या जाळ्या ताणलेल्या आहेत त्यांना तो तोंडी सांगावा लागतो.

जाळी नसलेल्या झाडांवरील बर्फ पडत असतानाच वरचेवर झटकावा. काठीच्या टोकाला गोणपाट गुंडाळून फांदी खालून वर हलकेच हलवावी. वरून आपटल्यास भाराने ताणलेली फांदी मोडते. बर्फ गोठून फांदीला चिकटला असेल तर तो ओढून काढू नये, उन्हाने सुटू द्यावा.

उपायांची पारख

धुराविषयी फार मोठा गैरसमज आहे. ओला पालापाचोळा जाळून धूर केला की तो ढगासारखा पांघरूण घालतो, अशी समजूत हिमालयातही आहे आणि नाशिककडेही आहे. धुराचे कण जमिनीतून निघणारी उष्णता अडवीत नाहीत. उलट सकाळी सूर्याची ऊब बागेत पोहोचण्यास अडथळा करतात. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा. त्यासाठी मोठी होळी पेटविणे चुकीचे आहे. मोठ्या आगीची गरम हवा वरचा उबदार थर भेदून निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची थंड हवा बागेत ओढली जाते. निफाडच्या बाजूस द्राक्षबागांत ठिकठिकाणी लहान शेकोट्या करतात, ती पद्धत तत्त्वतः बरोबर आहे. मात्र लाकूड कोरडे असावे, आणि पारा धोक्याच्या रेषेवर पोहोचण्यापूर्वी आग पेटलेली असावी.

पाण्याचा उपाय सर्वांत प्रभावी आहे आणि सर्वांत फसवाही. एक लिटर पाणी गोठताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकते. म्हणून तुषारसिंचनाने फुले सतत ओली ठेवली, तर बर्फाच्या पापुद्र्यात असूनही ती शून्य अंशावर टिकतात. पण एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणजे वाऱ्याने एक लिटर पाणी उडून गेले, तर त्याची भरपाई करण्यास साडेसात लिटर पाणी गोठावे लागते. म्हणून वाऱ्यात किंवा अतिकोरड्या हवेत तुषार सोडणे धोक्याचे असते, आणि एकदा सुरू केलेले तुषार बर्फ वितळू लागेपर्यंत बंद करता येत नाहीत. ताशी ३ मिलिमीटर या दराने एका एकराला तासाला सुमारे १२,००० लिटर पाणी लागते. आठ तासांच्या रात्रीला ते जवळजवळ एक लाख लिटर होते. डोंगरउतारावरील बहुतेक बागाईतदारांजवळ एवढे पाणी नसते. अर्धवट पाण्यावर हा उपाय सुरू करण्यापेक्षा न करणे बरे.

हवा घुसळणारे मोठे पंखे परदेशांत वापरतात. लहान व चढ-उताराच्या बागांस ते परवडणारे नाहीत.

याउलट जमिनीची निगा हा स्वस्त उपाय आहे. ओली, घट्ट, उघडी जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री परत देते. गवत किंवा जाड आच्छादन ही देवाणघेवाण थांबविते. म्हणून फुलोऱ्यापूर्वी झाडाखालील गवत जमिनीलगत कापावे, नवी खणणी करू नये, आणि निरभ्र रात्रीचा अंदाज असता एक-दोन दिवस आधी हलके पाणी द्यावे. यामुळे एखादा अंश वाचतो. उतारावरील गवत समूळ काढल्यास माती वाहून जाते, म्हणून ते कापावे, उपटू नये.

बागेत उष्णतामापक हवाच. तो घराच्या ओसरीत टांगून उपयोग नाही. बागेच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात, जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर, आडोसा करून तो लावावा. सूर्यास्तास आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असेल, तर रात्री दोन वाजल्यापासून सूर्योदयापर्यंत तो पाहत राहावा. बहुधा पहाटे पारा सर्वांत खाली असतो. हवामानाधारित फळपीक विम्याचा दावा ठराविक केंद्रावरील नोंदींवरून ठरतो. केंद्र मधल्या उतारावर असेल आणि बाग नाल्याकाठी असेल, तर दोन्हींतील फरकामुळे शेतकऱ्यास भरपाई मिळत नाही. स्वतःची रोजची नोंद विमा कंपनी मानीलच असे नाही. परंतु केंद्राची जागा बदलावी अशी मागणी ग्रामसभेने करावयाची असेल, तर तिला आधार म्हणून ती नोंदच उपयोगी पडते.

दहिवरानंतरची सकाळ

सकाळी बाग पाहून लगेच निष्कर्ष काढू नये. ऊन पडून काही तास गेल्यावर बागेच्या खालच्या, मधल्या व वरच्या भागांतील प्रत्येकी काही झाडांवरून फुले घ्यावीत आणि धारदार पात्याने मधोमध उभी चिरावीत. मधला भाग हिरवट दिसला तर फूल जिवंत आहे. तपकिरी किंवा काळा दिसला तर मेले आहे. शंभर फुलांमागे किती मेली याची नोंद भागवार करावी. पंचनाम्यासाठी अंदाजाने सांगितलेल्या आकड्यापेक्षा ही मोजणी अधिक टिकते.

निम्मी फुले मेली म्हणून निम्मे पीक गेले असे होत नाही. सफरचंदाच्या झाडावर फुले विपुल असतात. शंभरातील पाच ते दहा फुलांची फळे झाली तरी पूर्ण पीक येते. मात्र गुच्छाच्या मधले फूल सर्वांत आधी उमलते व बहुधा सर्वांत मोठे फळ देते. तेच प्रथम मरते. म्हणून उरलेल्या फुलांचे परागीकरण नीट होईल याची काळजी घ्यावी, मधमाश्यांच्या पेट्या हलवू नयेत व फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये. वाचलेल्या काही फळांवर पुढे तपकिरी खरखरीत कडे उमटते. ते दहिवराचे व्रण असतात, रोग नव्हे, आणि त्यावर औषध मारणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय.

बर्फाने फाटलेल्या फांद्यांची पाहणी त्याच दिवशी करावी. चीर ताजी असेल तर फांदी मूळ जागी बसवून दोरीने आवळावी व मोठ्या फांदीस आरपार बोल्ट द्यावा. पूर्ण मोडलेली फांदी गुळगुळीत कापून जखमेस बोर्डो पेस्ट लावावी.

ज्या वर्षी बहर गेला त्या वर्षी झाडाची शक्ती फळांत खर्च होत नाही, म्हणून पुढील वर्षासाठी फुलकळ्या अतोनात धरतात. त्या वर्षी बाग फुलांनी लगडते. मालक आनंदतो आणि विरळणी करीत नाही. मग फळे लहान राहतात, झाड थकते आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा रिकामे जाते. दहिवराच्या पुढच्या वर्षी प्रत्येक गुच्छात एकच फळ ठेवून बाकीची, ती सुपारीएवढी होण्यापूर्वी, काढून टाकावीत.